सासरे गणपती खाडीतच विसर्जित करायचा हट्ट सोडत नाहीत. पुरावे दाखवले की जास्तच चिडतात. अशा माणसाला कसं पटवायचं?

आधी पुरावे दाखवणं थांबवा. पुरावे खरेच आहेत, पण तुमच्या सासऱ्यांच्या मनात तो प्रश्नच नाही. तुम्ही पाण्याच्या प्रदूषणाबद्दल बोलताय आणि त्यांना काळजी आहे ती वाडवडिलांची रीत आपल्या हातून मोडण्याची.

मी ठाण्याची. गणपतीत मासुंदा तलावापाशी कृत्रिम तलावाच्या व्यवस्थेत स्वयंसेवक म्हणून उभी असते. नवी मुलं आली की पहिल्या दिवशी हमखास पीओपी विरघळत नाही, रंगांत जड धातू असतात, असं सांगायला लागतात. सगळं खरं. पीओपी पाण्यात गेलं की त्याचं जिप्सम होतं आणि ते महिनोन्महिने तळाशी पडून राहतं. पण आरती नुकतीच झालेली, नातू कडेवर, मागे अख्खं कुटुंब उभं. अशा वेळी घरातला कर्ता माणूस सगळ्यांदेखत माघार कशी घेईल?

एका दीड दिवसाच्या विसर्जनाला एक आजोबा अडून बसले होते. "टाकीत नाही सोडणार. वाहतं पाणी पाहिजे." आमच्यातल्या एका ज्येष्ठ ताईंनी वाद घातलाच नाही. "काका, गावी कुठे करायचात विसर्जन?" एवढंच विचारलं. आजोबा संगमेश्वरकडचे. मग नदी आली, डोक्यावर पाट घेऊन पुढे चालणारे वडील आले, विसर्जनानंतर त्याच पाटावरून घरी आणायची वाळू आली. बोलता बोलता खरं कारण बाहेर पडलं. टाकीत मूर्ती कुणीतरी फेकेल, तिला पाय लागेल, आणि पाट रिकामाच घरी न्यावा लागेल, ही त्यांची भीती होती. ताईंनी त्यांना कठड्यापर्यंत नेलं, मूर्ती त्यांच्याच हातांनी तीनदा बुडवून सोडू दिली आणि काठावरची मूठभर माती पाटावर ठेवली. आजोबा "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणत निघाले, आणि पुढच्या वर्षी थेट तिथेच आले.

गाडगेबाबांची रीत अशीच होती. दिवसा खराट्याने गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारत जायचं. उत्तर लोकांच्या तोंडून यायचं. डेव्हिड ब्रुकमन आणि जोशुआ काल्ला या अमेरिकी संशोधकांचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला मायामीतला प्रयोगही मला याच जातीचा वाटतो. कार्यकर्ते घरोघरी जाऊन तृतीयपंथीयांविषयी साधारण १० मिनिटं बोलले. व्याख्यान नाही, आपल्याला कधी कुणी वेगळं वागवलं होतं, ते आठवून सांगायला लावलं. मतांत पडलेला फरक ३ महिन्यांनंतरही टिकला होता.

पुरावे दाखवले की माणूस उलट आणखी घट्ट होतो, असं २०१० मधल्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं होतं. पुढे टॉमस वुड आणि इथन पोर्टर या संशोधकांनी पन्नासहून अधिक मुद्द्यांवर तपासलं, तेव्हा तसं जवळपास कुठेच दिसलं नाही. म्हणून मला वाटतं, सासरे चिडतात ते माहितीवर नाही. सुनेने चारचौघांत खोटं पाडलं, हे त्यांना लागतं. दिरांसमोर तर हा विषय काढूच नका. पीओपीच्या ६ फुटांपर्यंतच्या मूर्तींचं विसर्जन कृत्रिम तलावातच करायचं, असा आदेश उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला, तोही घरात फडकवू नका.

त्यापेक्षा तुमच्याकडे पूजेला येणाऱ्या गुरुजींशी बोला. उत्तरपूजेत अक्षता वाहून मूर्ती जागेवरून किंचित हलवतात. त्यानंतर मूर्तीतलं देवत्व परत गेलं असं मानतात. पुढे पाण्यात सोडतो ती मूर्ती. हे तुम्ही सांगितलंत तर तो आगाऊपणा ठरेल. गुरुजींनी सांगितलं तर सासऱ्यांना आपल्याच श्रद्धेतून वाट मिळते, आणि कुणापुढे हरल्यासारखंही वाटत नाही. सगळेच गुरुजी बोलायला तयार होतील असं नाही, पण विचारून बघा.

वेळ मात्र सांभाळा. मूर्तीची नोंदणी होण्याआधी, श्रावण लागायच्या सुमाराला, ते निवांत असताना बोला. मागणीही लहान ठेवा. या वर्षी फक्त शाडूची, थोडी लहान मूर्ती, एवढंच. खाडीचं नावही काढू नका. शाडूची लहान मूर्ती घरच्या बादलीत बहुधा एका रात्रीत विरघळते, हे त्यांनी एकदा शेजाऱ्यांकडे डोळ्यांनी पाहिलं तर पुढचं बोलणं सोपं जाईल. एवढ्यालाही नाही म्हणाले तर या वर्षी निर्माल्य तेवढं वेगळं काढून कलशात टाकायला तयार करा आणि विषय पुढच्या श्रावणापर्यंत सोडून द्या. विसर्जनाच्या दिवशी तर अवाक्षर नको. त्या दिवशी त्यांच्यासोबत चालत खाडीपर्यंत जा.