चिपवाल्या चावीचं काम शिकू द्या, पण सुरुवात टॅब्लेटपासून नको

विक्रोळीच्या कन्नमवारनगरमधून एका आईंचं पत्र आलंय. मुलगा यंदा बारावी सायन्स ५८ टक्क्यांनी पास झाला. पुस्तकात मन रमत नाही, पण संध्याकाळी घाटकोपरच्या एका चावीवाल्याकडे तासन्‌तास बसतो. गाड्यांच्या चिपवाल्या चाव्या कोड करायच्या, ईसीएम, म्हणजे गाडीचं इंजीन सांभाळणारे छोटे कॉम्प्युटर, दुरुस्त करायचे, हेच काम करणार म्हणतो. एका ठिकाणी पंधरा दिवसांचा कोर्स आणि सोबत प्रोग्रॅमिंगचा टॅब्लेट असे मिळून दीड लाख रुपये मागताहेत. वडील बेस्टमधून निवृत्त झालेत. त्यांच्या फंडातून हे पैसे काढावेत का, असं त्या विचारतात. शिवाय शेजारचे म्हणतात, ‘ही तर गाडीचोरांची विद्या.’ ते खरं का?

ताई, फंडाला हात लावू नका. मुलाला मात्र अडवू नका.

आधी शेजाऱ्यांचं बघू. चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात एक बारीकशी चिप असते. तिला स्वतःची बॅटरी नसते. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेची रिंग असते. चावी फिरवली की त्या रिंगमधून साधारण १२५ किलोहर्ट्‌झच्या लहरी निघतात, त्यातूनच चिपला वीज मिळते आणि ती आपली ओळख सांगते. जुन्या चिपा नुसता ठरलेला नंबर सांगत. नंतरच्या गाड्यांमध्ये गाडी दर वेळी वेगळा आकडा पाठवते आणि चिपला आपल्या गुप्त कोडने त्याचं उत्तर काढून द्यावं लागतं. उत्तर जुळलं तरच ईसीएम इंजीन चालू राहू देतो. हा इमोबिलायझर. अमेरिकेत ह्युंदाई आणि किया यांच्या बऱ्याच गाड्यांमध्ये तो नव्हता. तिथे त्या चोरायची युक्ती समाजमाध्यमांवर पसरली आणि २०२१-२२ पासून अशा गाड्यांच्या चोऱ्यांचा अक्षरशः सुळसुळाट झाला. म्हणजे तुमचा मुलगा जे शिकू पाहतोय ती चोराला थोपवणाऱ्या कुलपाची दुरुस्ती आहे. कुलूप दुरुस्त करणाऱ्याला ते उघडताही येतं, एवढी धास्ती खरी आहे आणि तिच्याबद्दल मी पुढे लिहितेच.

आता त्या पंधरा दिवसांच्या कोर्सबद्दल. तिथे शिकवतात ते एवढंच: गाडीच्या ओबीडी सॉकेटला (गाडीतला बिघाड तपासायचं यंत्र जोडायची जागा) टॅब्लेट लावा, मॉडेल निवडा, ‘चावी जोडा’ दाबा. ते दाबायला पंधरा दिवससुद्धा लागत नाहीत. खरं काम त्या आधीचं आहे. गाडी चालू का होत नाही, हे शोधण्याचं.

हे जरा तपशिलात सांगते, कारण या धंद्याचा सगळा जीव इथेच आहे. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, ‘रिमोटने दार उघडतंय, मग चावी चांगलीच आहे ना?’ नाही. रिमोटचं सर्किट वेगळं, त्याला बॅटरी लागते. इमोबिलायझरची चिप वेगळी. स्टार्टर फिरतो, इंजीन सेकंदभर लागतं आणि बंद पडतं, मीटरवर चावीचा दिवा लुकलुकतो, तेव्हा संशय इमोबिलायझरवर घ्यायचा. पण दोष चिपचाच असतो असं नाही. रिंगची तार तुटलेली असू शकते. गाडीची बॅटरी इतकी उतरलेली असते की इमोबिलायझरचं सर्किट नीट जागच होत नाही. कुणीतरी जीपीएस ट्रॅकर बसवताना नको ती वायर कापलेली असते. आणि एक प्रकार तर रस्त्यावर सर्रास घडतो: जुन्या चावीचं कव्हर तुटलं म्हणून नवं फ्लिप कव्हर घातलं, पण डाळीच्या दाण्याएवढी ती चिप जुन्या कव्हरातच राहिली आणि कव्हर गेलं कचऱ्यात. अशा वेळी दुसरी चावी लावून बघायचं साधं डोकं ज्याला असतं तो पाच मिनिटांत निदान करतो. ज्याच्याकडे नुसता टॅब्लेट असतो तो आधी नव्या चावीचे पैसे घेतो आणि मग दोष दुसराच निघतो.

ईसीएमचं काम याहून नाजूक. पावसाळ्यात पाणी शिरून कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, बोर्ड सडतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा या शहरात किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते तुम्हाला आठवत असेल. सखल भागात लहान प्रमाणावर ते दरवर्षी होतं. मग मालक कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना ईसीएम आणतो. तो बसवला तरी गाडी लागत नाही, कारण त्याच्या मेमरीत आधीच्या गाडीच्या इमोबिलायझरचा कोड असतो. तो डेटा बोर्डावरच्या आठ पायांच्या एका छोट्या मेमरी चिपमध्ये (आयसी) असतो, किंवा मुख्य प्रोसेसरच्याच आत. तो वाचायचा, दोनदा वाचून दोन्ही फाइल जुळतात का बघायचं, मूळ फाइल जपून ठेवायची आणि मगच लिहायला घ्यायचं. लिहिताना व्होल्टेज घसरलं तर चांगला ईसीएम जागच्या जागी मरतो, म्हणून बॅटरीला बाहेरून स्थिर विजेचा सपोर्ट लावल्याशिवाय हात घालायचा नाही. सोल्डरिंग, हॉट एअर, मल्टिमीटर, वायरिंग डायग्रॅम, मेमरीतल्या फाइलचे हेक्साडेसिमल (सोळाच्या पटीतले) आकडे. हे पंधरा दिवसांत बोटांत उतरत नाही.

शिवाय आजचा टॅब्लेट उद्याही पुरेल असं नाही. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीज इथल्या संशोधकांनी तेव्हा लाखो गाड्यांत असलेल्या चिपचा ४० बिटांचा कोड फोडून दाखवला. तेव्हापासून कुलूप मजबूत होत गेलंय. आता काही कंपन्यांच्या गाड्यांना नवी चावी जोडायची तर कंपनीच्या सर्व्हरची ऑनलाइन परवानगी लागते. इलेक्ट्रिक गाड्यांतही इमोबिलायझर असतोच, त्यामुळे काम संपणार नाही, पण बदलत राहील. ज्याचा पाया इलेक्ट्रॉनिक्सचा आहे तो त्या बदलाबरोबर जाईल.

म्हणून माझा सल्ला: आयटीआयला ‘इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक’ या ट्रेडला घाला. दोन वर्षं. पुष्कळ जण अशा मुलांना ‘मेकॅनिक मोटर व्हेइकल’ सुचवतात. तोही चांगला ट्रेड आहे, पण याला इंजिनापेक्षा बोर्डाची ओढ आहे असं तुमच्या पत्रावरून दिसतं. बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षातही प्रवेश मिळू शकतो आणि तोही दोनच वर्षांत होतो. मुलगा वर्गात रमणारा असता तर मी तोच म्हटला असता. हा हाताने शिकणारा आहे, त्याला आयटीआयतलं प्रॅक्टिकल मानवेल. दोन वर्षांचा ट्रेड झाल्यावरही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचा रस्ता उघडा राहतो. त्यानंतर एखाद्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये अप्रेंटिसशिप करायला सांगा. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली स्टायपेंड मिळतो, आणि कंपनीचा स्कॅनर, वायरिंग डायग्रॅम, निदानाची शिस्तशीर पद्धत हे सगळं बघायला मिळतं. स्वतःची मशिनं घ्यायची ती त्यानंतर, कमाईतून, एकेक करून.

चावीवाल्याकडे जाणं थांबवू नका. फक्त एकदा तुम्ही स्वतः तिथे जाऊन बघा: चावी बनवण्याआधी तो माणूस आरसी बुक आणि ओळखपत्र मागतो का? नसेल मागत, तर मुलाला दुसरा उस्ताद शोधायला सांगा. यात तडजोड नको.

इथून पुढचं मुलाला वाचायला द्या.

बाळा, कुणी म्हणेल ‘चावी हरवलीय, गाडी गल्लीत उभी आहे, लवकर ये’. आधी आरसी बघायची, चेसिस नंबर गाडीवर ताडून बघायचा, फोटोचं ओळखपत्र घ्यायचं आणि सगळं वहीत नोंदवायचं. अमेरिकेत पार्श्वभूमी तपासून नोंदणी केलेल्या कारागिरालाच कंपन्यांकडून चावीचे कोड मिळतात आणि प्रत्येक कामाला मालकीच्या पुराव्याचा फॉर्म भरून ठेवावा लागतो. तुला कुणी सक्ती केली नाही तरी ती पद्धत तू पहिल्या दिवसापासून पाळ. चोरीचा माल आहे असं मानायला कारण असूनही तो घेणं, ठेवणं किंवा लपवायला, विल्हेवाट लावायला मदत करणं हा भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची वेळ आली तर ती वहीच तुझ्या बाजूने बोलेल.

चावी हरवलेली असेल तर नवी जोडताना हरवलेली मेमरीतून काढून टाक, नाहीतर ज्याला ती सापडेल तो गाडी घेऊन जाईल. गिऱ्हाइकाला पोलिसांत हरवल्याची नोंद करायलाही सांग. पुढे गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते, तेव्हा ती नोंद उपयोगी पडते.

जुन्या गाड्यांचे डीलर येतील आणि मीटर मागे फिरवून द्यायला सांगतील. डिझेल गाडीचा धुराचा फिल्टर काढून ईसीएममधून त्याची नोंद पुसून द्या म्हणतील. दोन्ही कामांत पैसे चटकन मिळतात. दोन्हींना नाही म्हण. पहिल्यात पुढचा खरेदीदार फसतो. दुसऱ्यात आपल्याच रस्त्यावरची पोरं ती काजळी छातीत घेतात, आणि मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलमही आड येतं.

ताई, आयटीआयचे प्रवेश ऑनलाइन होतात, राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवर. तुम्हाला मुलुंडची सरकारी आयटीआय जवळ पडेल. तिथे आणि मुंबईतल्या इतर आयटीआयत या ट्रेडच्या जागा किती आहेत ते पोर्टलवर बघून जास्तीत जास्त पर्याय भरा. प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, त्यामुळे बारावीच्या ५८ टक्क्यांची काळजी नको. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि लागू असेल तर जातीचा दाखला आत्ताच काढून ठेवा. आणि कोर्सवाल्यांनी ‘जागा अडवायला’ आगाऊ रक्कम मागितली, तर देऊ नका.