वाढत्या मुलांवर विश्वास कधी टाकावा आणि किती?

किशोरवयीन मुलांच्या आई-वडिलांकडून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिचा अभ्यास, झोप, मोबाइल, वह्या-पुस्तके या सगळ्यांवर मलाच लक्ष ठेवावे लागते. तिच्यावर सोपवून पाहावे म्हणून मी आठवडाभर तिला कशाचीच आठवण करून दिली नाही, तर प्रकल्पाची वही वेळेत द्यायची राहिली आणि तिचे गुण गेले. माझे पती म्हणतात की मी तिला मोकळीक देत नाही. मला वाटते की ती अजून तेवढी जबाबदार झालेली नाही. मोकळीक द्यायची ती जबाबदारीची जाणीव आल्यावर, की त्याआधी?

उत्तर : त्याआधी द्यायची, मात्र एकदम नव्हे आणि सगळ्याच बाबतींत नव्हे. ज्या कामाचा भार कधी अंगावर पडलाच नाही, त्याची जबाबदारी पेलायला कोणीही शिकत नाही, मोठी माणसेही नाहीत. मुलीने आधी स्वतःला सिद्ध करावे आणि मग मी विश्वास टाकीन, असे म्हणत राहिलात तर ती वेळ कधी येणारच नाही. येथे विश्वासाला पुराव्याच्या थोडे पुढे चालावे लागते, आणि त्यापायी होणारे नुकसान, म्हणजे काही चुका आणि काही गमावलेले गुण, आई-वडिलांना शांतपणे सोसावे लागते. मुले वाढवण्यातला धीर बहुतांशी याच ठिकाणी लागतो.

मेंदूचा कपाळामागचा भाग, ज्याच्याकडे नियोजन, परिणामांचा विचार आणि स्वतःला आवरणे ही कामे असतात, तो साधारण पंचविशीपर्यंत परिपक्व होत राहतो. भावना आणि नव्याची ओढ यांच्याशी निगडित भाग मात्र वयात येतानाच जोमाने जागे होतात. हे वाचून अनेक पालक असा निष्कर्ष काढतात की तोवर मुलांच्या हाती काही देऊच नये. हा निष्कर्ष चुकीचा आहे. पुरेसा वेळ असेल आणि मन शांत असेल, तर विचार करण्याची क्षमता सोळाव्या वर्षाच्या सुमारास प्रौढांच्या जवळपास पोहोचलेली असते. तोल जातो तो तापलेल्या क्षणी आणि बरोबरीची मुले भोवती असताना. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संगणकावर गाडी चालवण्याचा एक खेळ होता. मित्र पाहत असताना किशोरवयीन मुलांनी एकटे असतानापेक्षा बराच अधिक धोका पत्करला. प्रौढांच्या वागण्यात तसा विशेष फरक पडला नाही.

कोणती गोष्ट आधी सोपवायची आणि कोणती नंतर, हे यावरून ठरवता येते. अभ्यासाचे वेळापत्रक, वह्या, खोली, कपडे, छंद, हातखर्चाचे ठरावीक पैसे या बाबतीत विचार करायला वेळ मिळतो आणि चूक झाली तरी नुकसान भरून निघते. या गोष्टी पंधराव्या वर्षी तिच्याकडे जाऊ शकतात. काही तर याआधीच जायला हव्या होत्या. रात्रीचा प्रवास, वाहन, इंटरनेटवर भेटलेली अनोळखी माणसे, या बाबतीत मर्यादा अजून तुमच्या हाती राहू द्या आणि त्यांची कारणे तिला सांगा. प्रेम, ठाम नियम आणि त्या नियमांमागची कारणे या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र असतात, त्या घरांतील मुले अधिक स्वावलंबी होतात, हे डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ १९६० च्या दशकापासून मांडत आल्या, आणि नुसता धाक किंवा नुसती सूट यांच्यापेक्षा हा मार्ग बरा, असेच नंतरच्या बऱ्याच संशोधनानेही दाखवले आहे.

आता तुमच्या प्रयोगाविषयी. आपण आठवण करून देणे थांबवत आहोत, हे तुम्ही तिला सांगितले होते का? पत्रावरून तसे वाटत नाही. रोज आठवण करून देणारी आई अचानक गप्प झाली, तर काम आपल्याकडे आले आहे असे मुलीला समजत नाही. आज काही नसेल, असे ती धरून चालते. शिवाय वर्षानुवर्षांची सवय एका आठवड्यात बदलत नाही. भांडण नसलेल्या एखाद्या वेळी तिला स्पष्ट सांगा : "वह्या आणि प्रकल्प हे या सत्राच्या शेवटापर्यंत पूर्णपणे तुझे. मी विचारणार नाही, शिक्षकांशी तुझ्या वतीने बोलणार नाही. तू मदत मागितलीस तर मी आहे." आणि मग खरोखरच विचारू नका. तुमच्या चेहऱ्यावर प्रश्न दिसला तरी तिला तो वाचता येतो, हेही लक्षात ठेवा.

पुन्हा गुण जातील. त्या संध्याकाळी "मी सांगत होते ना" हे वाक्य ओठांवर येईल, ते कृपया आवरा. ते उच्चारले जात नाही तोवर मुलीची गाठ स्वतःच्या विसरभोळेपणाशी असते. ते उच्चारले की तिची गाठ तुमच्याशी पडते, आणि आईशी भांडणे तिच्या दृष्टीने कितीतरी सोपे असते.

झोपेचाही तुम्ही उल्लेख केला आहे. वयात येताना शरीराचे घड्याळच पुढे सरकते. झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोपेची गरज असते. सकाळी न उठणे हा आळस समजून त्यावर रोजची लढाई करू नका. रात्री फोन खोलीबाहेर ठेवण्याचा नियम घरातल्या सर्वांना, म्हणजे तुम्हालाही, लागू करा.

प्रश्न : माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. मित्राकडे अभ्यासाला जातो असे सांगून तो भलतीकडेच गेला होता, हे आम्हाला दुसऱ्यांकडून कळले. तेव्हापासून मी त्याचा मोबाइल तपासतो आणि तो कोठे आहे हे दाखवणारे अ‍ॅपही घातले आहे. आता तो आमच्याशी बोलेनासा झाला आहे. मी वडील म्हणून दुसरे काय करायला हवे होते?

उत्तर : खोटे बोलणे दुर्लक्षून चालणार नव्हते, हे तुमचे म्हणणे योग्य आहे. परंतु खोट्याला उत्तर देणे आणि पाळत ठेवणे या निरनिराळ्या गोष्टी आहेत. मुलाच्या वागण्याविषयी पालकांना जे ठाऊक असते, ते त्यांना कोठून कळते, याचा अभ्यास होकान स्टॅटिन आणि मार्गारेट कर यांनी स्वीडनमधील चौदा वर्षांच्या मुलांमध्ये करून २००० मध्ये प्रसिद्ध केला. ती माहिती प्रामुख्याने मुले आपणहून सांगतात त्यातून येते, चौकशी आणि नियंत्रण यांतून फार थोडी, असे त्यात आढळले. मुलगा बोलेनासा झाला म्हणजे तुमचा माहितीचा मुख्य मार्ग बंद झाला आहे. अ‍ॅप त्याचे ठिकाण सांगेल. तेथे त्याच्यावर काय गुदरत आहे, हे सांगणार नाही.

त्याच्याशी एकदा समोरासमोर बसून बोला. तुम्हाला काय कळले, त्याने तुम्ही का दुखावलात आणि कोणती भीती वाटली, हे आवाज न चढवता सांगा. शिक्षा द्यायची तर ती त्याच गोष्टीपुरती आणि ठरावीक मुदतीची असावी. मित्रांकडे जाण्याची परवानगी काही आठवड्यांसाठी थांबवली, तर ती पुन्हा कधी आणि कशी मिळेल हेही त्याच वेळी सांगा, कारण परतीची वाट दिसत नसेल तर प्रामाणिक राहण्याला मुलाच्या लेखी काही अर्थ उरत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट अशी : आपणहून कबूल केलेल्या चुकीला पकडल्या गेलेल्या चुकीएवढीच शिक्षा होत असेल, तर कबूल कशाला करायचे, हा हिशेब मुले फार लवकर करतात. कधीही, कोठेही अडचण वाटली तर फोन कर, मी घ्यायला येईन आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही, असे वचन त्याला द्या आणि वेळ आली तर अक्षरशः पाळा. प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारता येतात.

अ‍ॅप ठेवायचेच असेल तर ते त्याला सांगून ठेवा आणि कधी काढणार याची तारीख त्याच्याशी बोलून ठरवा. त्याचे खासगी संदेश वाचणे मात्र थांबवा. याला अपवाद आहेत, आणि त्यांविषयी मी मुळीच संकोच ठेवणार नाही : मूल स्वतःला इजा करील अशी चिन्हे, अमली पदार्थ, कोणी धमकावत असल्याची किंवा मोठ्या वयाची अनोळखी व्यक्ती त्याला जाळ्यात ओढत असल्याची शंका. अशा वेळी तपासणी करणे हे पालकांचे कर्तव्य आहे आणि डॉक्टरांची किंवा समुपदेशकांची मदत ताबडतोब घ्यावी.

प्रश्न : आमचे घर श्रद्धाळू आहे. रोज संध्याकाळी आम्ही सगळे एकत्र प्रार्थना करतो. सतरा वर्षांच्या मुलाने अलीकडे सांगितले की त्याचा या कशावर विश्वास नाही आणि तो बसणार नाही. त्याचे वडील फार दुखावले आहेत. सक्ती करावी, की सोडून द्यावे? आमचे काही चुकले का, असे सारखे मनात येते.

उत्तर : तुमचे दुःख मी कमी लेखत नाही. जे आपल्या जगण्याचा आधार आहे, तेच मुलाला नकोसे झालेले पाहणे कठीण असते. तरीही एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते : त्याने तुम्हाला येऊन सांगितले. मनात काही नसताना ओठ हलवत बसणे त्याला सहज जमले असते.

सतराव्या वर्षी असा प्रश्न पडणे यात तुमच्या संस्कारांचे अपयश नाही. जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये तरुणांच्या ओळखीच्या घडणीविषयी जी मांडणी केली, तीत आई-वडिलांकडून आलेल्या निष्ठा न तपासता स्वीकारणे आणि शोध घेऊन स्वतःच्या निष्ठा ठरवणे यांत त्यांनी स्पष्ट भेद केला. जेम्स फाउलर यांनी १९८१ मध्ये श्रद्धेच्या वाढीचे टप्पे मांडले. त्यांतही भोवतालच्या माणसांची म्हणून स्वीकारलेली श्रद्धा आणि स्वतः तपासून घेतलेली श्रद्धा यांच्या मध्ये प्रश्नांचा काळ येतो. या काळातून गेलेली सगळीच मुले आई-वडिलांच्या श्रद्धेकडे परत येतात, असे मी सांगणार नाही, कारण ते खरे नाही. पण धाकाने बसवलेल्या मुलाच्या मनात श्रद्धा रुजते, असा अनुभवही कोणाच्या पदरी असेल असे वाटत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क कराराच्या चौदाव्या कलमात मुलांचे विचार, विवेक आणि धर्म यांचे स्वातंत्र्य मान्य केले आहे. त्याच कलमात, मुलाच्या वाढत्या क्षमतेला अनुसरून त्याला मार्गदर्शन करण्याचा आई-वडिलांचा हक्क आणि कर्तव्य यांचाही आदर राखला आहे. दोन्ही बाजू एकत्र धरण्याची ही दृष्टी घरातही उपयोगी पडते. तुम्ही त्याच्याकडून सभ्य वर्तन मागू शकता : प्रार्थनेच्या वेळी घरात शांतता राखणे, कोणाच्या श्रद्धेची टिंगल न करणे, कुटुंबाच्या महत्त्वाच्या प्रसंगी हजर राहणे. विश्वास मागू नका. तो मागून मिळणारी वस्तू नाही.

त्याने प्रश्न विचारले तर बसून उत्तरे द्या. उत्तर येत नसेल तर तसे सांगा, आणि तुमच्या मनातही कधी शंका आल्या असतील तर त्या लपवू नका. त्याची समजूत घालण्यासाठी नातेवाइकांना किंवा धर्मोपदेशकांना त्याच्या मागे लावू नका. आणखी एक विनंती, विशेषतः त्याच्या वडिलांना : "याला सद्बुद्धी दे" अशी प्रार्थना त्याला ऐकू जाईल अशी करू नका. ती प्रार्थना राहत नाही, तो टोमणा होतो, आणि देवाच्या नावाने ऐकलेला टोमणा मूल फार काळ विसरत नाही. मनातल्या मनात अवश्य करा. मुलाचे आयुष्य केवळ आपल्या प्रयत्नांवर तोललेले नाही, असे श्रद्धावान माणूस मानतो. मग त्या मानण्याचा आधार आता घ्या. तुम्ही स्वतः संकटात कसे वागता, चूक झाल्यावर क्षमा मागता का, दुबळ्या माणसाशी कसे बोलता, हे तो आजही पाहत आहे. प्रार्थनेला न बसणाऱ्या मुलाचेही याकडे लक्ष असते.

प्रश्न : मुलगी पुढील वर्षी शिक्षणासाठी घराबाहेर राहायला जाईल. तिला एकटीने निभावता येईल का, या काळजीने झोप येत नाही. तयारी कशी करावी?

उत्तर : एक वर्ष हाती आहे, ते पुरेसे आहे. साधा स्वयंपाक, कपडे, महिन्याच्या पैशांचा हिशेब, बँकेची आणि कार्यालयांतील कामे, आजारी वाटल्यास डॉक्टरांना स्वतः लक्षणे सांगणे, ही कामे आतापासून एकेक करून तिच्याकडे द्या. पहिल्यांदा तुम्ही सोबत राहा, दुसऱ्यांदा बाहेर थांबा, तिसऱ्यांदा घरी राहा. तिला वेळ लागेल आणि काही कामे तुमच्या पद्धतीने होणार नाहीत. ती पुन्हा करून दाखवू नका. ती गेल्यावर फोन किती दिवसांनी आणि कोणी करायचा, हे दोघींनी जाण्याआधीच ठरवा. अडचण सांगायला तिचा फोन आला, तर उपाय सुचवण्याआधी तिने काय ठरवले आहे ते विचारा. बहुतेक वेळा तिचे अर्धे ठरलेले असते.