ऑडिट हा कानाचा शब्द, डोळ्याचा नव्हे

एका संशोधक विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: हिशेबपद्धतींचा समाजावर आणि पर्यावरणावर काय परिणाम होतो, हे अभ्यासणाऱ्या शाखेला 'सामाजिक व पर्यावरणीय लेखांकन' म्हणावं का? आणि 'सोशल ऑडिट'ला, म्हणजे कामाचा हिशेब लोकांनीच तपासण्याला, 'सामाजिक अंकेक्षण' बरोबर का?

'लेखांकन' चालेल. अकरावी-बारावीतल्या 'लेखाकर्म'मुळे तो सगळ्यांना कळतो.

'अंकेक्षण' मात्र चालणार नाही. मध्यंतरी एका चर्चासत्रात वक्त्याने एका कारखान्याने आपल्याच सांडपाण्याबद्दल स्वतःच छापलेल्या अहवालाला 'सामाजिक अंकेक्षण' म्हटलं, आणि कुणी हरकत घेतली नाही. (पडद्यावर 'लेखापरिक्षण' होतं, तेही ऱ्हस्व! परि + ईक्षण, म्हणून परीक्षण.)

आता मूळ पाहा. 'ऑडिट' आलाय लॅटिन 'ऑदीरे'पासून, म्हणजे ऐकणे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये वर्षाचा जमाखर्च मोठ्याने वाचला जाई. तो ऐकून जो उलटतपासणी करी, तो ऑडिटर. म्हणजे 'ऑडिटर' आणि 'ऑडिटोरियम' सख्खी भावंडं! आपण काय केलं? अंक + ईक्षण, परि + ईक्षण. ईक्षण म्हणजे पाहणे; दोन्ही शब्दांत नुसते डोळे. कान गेला, आणि त्याच्याबरोबर समोर बसून ऐकणारा माणूसही गेला.

परिभाषा घडवणारे म्हणतील, आज ऑडिट कागद पाहूनच होतं, तेव्हा ईक्षण योग्यच. कंपनीच्या वह्यांपुरतं मान्य. पण सोशल ऑडिटबाबत हे साफ चूक आहे, आणि त्यासाठी लॅटिनपर्यंत जायचीही गरज नाही. डिसेंबर 1994 मध्ये राजस्थानच्या पाली जिल्ह्यात, कोटकिराना गावात मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामांची कागदपत्रं गावासमोर मोठ्याने वाचली गेली. काम कुठं झालं, पैसे कुणाला मिळाले, हे ऐकणाऱ्यांना ठाऊक होतं. ज्याला अक्षरओळख नाही तोही असा हिशेब तपासू शकतो, कारण आपलं नाव कानाला कळतं. 2005 च्या रोजगार हमी कायद्याच्या कलम 17 ने सोशल ऑडिट ग्रामसभेकडे दिलं, ते याच वाटेने.

लेखांकनाचे अभ्यासक रॉब ग्रे यांनी 1991 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात सामाजिक व पर्यावरणीय लेखांकनाचं संशोधन केंद्र सुरू केलं. त्यांच्या मांडणीचा गाभा असा की हिशेब देणं हे एकाचं कर्तव्य, आणि तो मिळणं हा दुसऱ्याचा हक्क. मराठीत हे क्रियापदावरून कळतं. हिशेब 'ठेवायला' एकटा माणूस पुरतो. हिशेब 'द्यायला' समोर कुणीतरी लागतं. जबाबदार म्हणजे तरी काय, जबाब देणारा. इतका चोख शब्द घरात असताना हिंदीतून 'जबाबदेही' कशाला उचलायचा?

तर सोशल ऑडिटला माझा शब्द आहे 'चावडीवाचन'. सातबाऱ्याच्या नोंदी चावडीवर वाचून दाखवतात, ज्याची हरकत असेल तो तिथंच बोलतो. वाचणारा, ऐकणारा आणि हरकत घेणारा, तिघंही या एका शब्दात आहेत. कुणी म्हणेल, 'जनसुनावणी' आहेच की. आहे, पण पर्यावरणाच्या संदर्भात तो शब्द आधीच गुंतलाय: प्रकल्पाला मंजुरी मिळण्याआधी प्रदूषण नियंत्रण मंडळ लोकांचं म्हणणं ऐकून घेतं, ती जनसुनावणी. ऑडिट घडून गेलेल्या गोष्टीचं असतं. दोहोंना एकच शब्द वापरला, तर दहा वर्षं नदीत काय सोडलं हे विचारणाऱ्याला 'सुनावणी कधीच झाली' असं उत्तर मिळेल.

शहरात चावडी कुठं, हा आक्षेप मला पटत नाही. शहरात पाटीही नसते, तरी मुलं पाटी कोरी असल्याचं सांगतात आणि सगळ्यांना कळतं. प्रबंधाच्या शीर्षकात 'लेखांकन' ठेवा, पण सोशल ऑडिटच्या प्रकरणाला 'चावडीवाचन' हेच नाव द्या.