जेरेमायाला एकच झेल मिळाला तो सामना

मुलगा ओहायो स्टेटला शिकायला गेलाय, फोनवर सारखं तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघातल्या जेरेमाया स्मिथचं नाव घेतो (फेकलेला चेंडू पळत जाऊन झेलणं हे त्याचं काम), आणि तुम्ही विचारताय की झेल तर सगळेच घेतात, या पोरात एवढं काय? रास्त आहे. ओहायो स्टेटच्या गावी, कोलंबसला आल्यावर पहिली काही वर्षं मीही नुसता चेंडूच बघत होतो.

आकडे आधी उरकतो. पोरगा फ्लोरिडाचा. 2024 च्या पहिल्याच हंगामात 76 झेल, 1,315 यार्ड, 15 टचडाउन (म्हणजे चेंडू समोरच्यांच्या टोकापर्यंत नेऊन मिळवलेले गुण). इथलाच जुना खेळाडू क्रिस कार्टर याने 1984 साली केलेले इथले नवख्यांचे विक्रम त्याने मोडले.

पण मला तो कळला तो भलत्याच सामन्यात. 1 जानेवारी 2025 ला रोझ बोल या बाद फेरीच्या सामन्यात त्याने ओरेगॉनच्या संघाला धुतलं होतं, 7 झेलांत 187 यार्ड. नऊ दिवसांनी टेक्सासविरुद्ध एकच झेल, तोही 3 यार्डांचा. आमच्या कट्ट्यावर लगेच सुरू, "पोरगं दबलं." मी सामना पुन्हा लावला आणि या वेळी चेंडू सोडून फक्त चार नंबरची जर्सी बघितली. टेक्सासवाले त्याच्यावर दोन-दोन माणसं लावून होते. तो पळाला की दोघं त्याच्यामागे, आणि पलीकडे आमच्याच कार्नेल टेटला मोकळं रान. सामना आम्ही 28-14 ने जिंकला.

मग अटलांटातली विजेतेपदाची अंतिम लढत, नोत्र दामच्या संघाशी. पहिल्या टचडाउनला स्मिथ चेंडू सुटायच्या आधी आतल्या बाजूला चालत निघाला, समोरचे त्याच्याबरोबर सरकले, आणि चेंडू सुटताच हा गर्रकन वळून परत बाहेर. आसपास चिटपाखरू नाही. कबड्डीतला कसलेला चढाईवाला अशीच हुलकावणी देतो.

शेवटची तीनेक मिनिटं उरली होती, आम्ही 31-23 ने पुढे. चार प्रयत्नांत दहा यार्ड काढायचे असतात. हा तिसरा प्रयत्न होता आणि अजून 11 हवे होते. मी सोफ्यावरून ओरडतोय, "अरे चेंडू घेऊन पळा, घड्याळ संपवा!" (माझं कोण ऐकतंय.) नोत्र दामने त्या वेळी स्मिथसमोर एकटाच राखणदार ठेवला होता. आमच्या संघात चेंडू फेकणाऱ्या विल हॉवर्डने तो उंच फेकला आणि 56 यार्डांचा झेल! मग फील्ड गोल (लाथेने मारलेला, तीन गुणांचा) झाला, 34-23, खेळ खलास.

"मग एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, का जात नाही?" हा तुमचा दुसरा प्रश्न. शाळा (बारावी) संपल्यावर तीन वर्षं झाल्याशिवाय तिथे घेतच नाहीत. म्हणजे 2027 च्या ड्राफ्टआधी (नव्या खेळाडूंच्या निवडीआधी) नाही, कितीही चांगला असला तरी.

पुढच्या वेळी सामना लावलात की चेंडू सुटायच्या आधीच चार नंबर शोधा, आणि त्याच्यासमोर कितीजण उभे आहेत ते मोजा. एकच दिसला तर चहा आणायला उठू नका.