आम्ही दोघंही नेहमीच्या उंचीचे, मग मुलीला एकॉन्ड्रोप्लेजिया (हाडांची वाढ खुंटून उंची कमी राहण्याचा जन्मजात विकार) कसा? दुसऱ्या बाळालाही होईल का?

ताई, ६ महिन्यांच्या मुलीच्या रिपोर्टमध्ये एफजीएफआर३ या जीनच्या (जनुकाच्या) ११३८ क्रमांकावर ‘जी’ या डीएनए-अक्षराच्या जागी ‘ए’ आलाय, आणि सासरचे म्हणतात हे सिकलसेलसारखं (रक्ताच्या आनुवंशिक आजारासारखं) माहेरून आलं, असं तुम्ही लिहिलंय. धुळे-नंदुरबारकडे आनुवंशिक म्हटलं की सिकलसेलचाच हिशोब डोक्यात येतो, पण तो इथे लागू नाही. सिकलसेलच्या आजाराला आई आणि वडील दोघांकडून जीनची बिघडलेली प्रत यावी लागते. इथे एकच पुरते, आणि ती ज्याच्यात असते त्याची उंची कमी राहतेच. लपून राहिलेला वाहक हा प्रकार यात नाही. म्हणजे तुमच्या मुलीत हा बदल नव्याने झालाय. सुमारे ८० टक्के मुलांत असंच असतं, आणि असा नवा बदल जवळजवळ नेहमी वडिलांच्या शुक्राणूत घडतो. त्यात त्यांचाही दोष नाही, पण तुम्हाला बोल लावणाऱ्यांना हे जरूर सांगा. गरोदरपणात ग्रहण पाळलं-न पाळलं याचा तर काहीच संबंध नाही.

दुसऱ्या बाळाला धोका १ टक्क्याहून कमी. अगदी शून्य म्हणत नाहीत, कारण पालकाच्या आणखी काही बीजपेशींत तोच बदल असू शकतो. मुलीच्या स्वतःच्या प्रत्येक बाळाला मात्र पुढे ५० टक्के शक्यता राहील.

हा जीन हाडांच्या टोकाच्या कूर्चेला वाढताना ब्रेक लावतो. या बदलाने ब्रेक दाबलेलाच राहतो, त्यामुळे कॅल्शियम किंवा उंचीची पावडर देऊन उंची वाढणार नाही. कवटीचा वरचा भाग कूर्चेपासून बनत नाही, म्हणून डोकं मोठं दिसतं. तळ मात्र कूर्चेचाच, म्हणून मज्जारज्जू खाली उतरतो ते छिद्र अरुंद राहतं. सध्या उंचीपेक्षा याकडे लक्ष द्या. झोपेत श्वास थांबणं, हातपाय लुळे पडणं किंवा डोक्याचा घेर झपाट्याने वाढणं दिसलं तर थांबू नका, एमआरआय लागतो. काही दिसत नसलं तरी झोपेतल्या श्वासाची तपासणी एकदा करून घ्या. डोक्याचा घेर एकॉन्ड्रोप्लेजियाच्या वेगळ्या तक्त्यावरच मांडायला सांगा. नेहमीच्या तक्त्यावर तो उगाच धोक्याचा वाटतो.

झोळी बंद करा. तिच्यात पाठ गोल होते आणि हनुवटी छातीला टेकते. सपाट, घट्ट गादीवर उताणं झोपवा. उशा लावून लवकर बसवू नका, पाठीला बाक येतो. मालीशवाल्या बाईला मान झटकू देऊ नका, पाय धरून उलटं तर मुळीच नाही. कानात वारंवार पू होत असेल तर श्रवणचाचणी करा.

एकॉन्ड्रोप्लेजियात उंचीची वाढ सुधारणाऱ्या व्होसोरिटाइड या औषधाला २०२१ मध्ये युरोप-अमेरिकेत मंजुरी मिळाली. रोज त्वचेखाली इंजेक्शन, तेही वाढ सुरू आहे तोवरच. चाचणीत वर्षाला सरासरी दीड सेंटीमीटर जास्त वाढ दिसली. किंमत प्रचंड आहे, त्यामुळे त्यासाठी शेत विकायला काढण्याआधी जेनेटिक्सच्या डॉक्टरांशी बोला. बुटकेपणा २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे, यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या ओळखपत्राची) चौकशी जिल्हा रुग्णालयात करा.