‘सगळं आवडतंय, मग चिडचिड का होते?’

नोव्हेंबर 2023 चा शेवटचा आठवडा होता. समुपदेशनासाठी आलेल्या एक बाई माझ्यासमोर येऊन बसल्या तेव्हा त्यांच्या उजव्या मनगटावर सोनेरी चमकी लागलेली होती. मुलाला नाताळच्या नाटुकल्यात देवदूत व्हायचं होतं आणि त्याचे पंख चिकटवत त्या रात्री साडेबारापर्यंत जाग्या होत्या. (त्यांच्या परवानगीनेच हे लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) त्यांनी पर्समधून डायरी काढून माझ्यापुढे ठेवली. डिसेंबरचं पान. 25 तारखेभोवती लाल पेनानं इतक्यांदा गिरवलं होतं की तिथे कागद फाटून खालचं पान दिसत होतं.

"मॅडम, यातलं एकही काम मला नकोसं नाही. वर्षभर मी या दिवसांची वाट बघते. पण काल मुलीनं नुसतं विचारलं, ‘मम्मी, तारा कुठं लावायचा?’ आणि मी तिच्यावर खेकसले. ती काही न बोलता खोलीत निघून गेली. मला खरंच आनंद होतो, की मी नुसता दाखवते?"

सणाच्या तोंडावर हा प्रश्न घेऊन येणारी माणसं मला दरवर्षी भेटतात, आणि बहुतेकांच्या मनात तो असाच अपराधीपणाच्या रूपात असतो. काम आवडीचं असेल तर शीण यायला नको, आला म्हणजे आपल्या आवडीतच खोट आहे, असं त्यांनी धरलेलं असतं.

अशा वेळी मी आधी थोडी चाचपणी करते. झोप कशी आहे, भूक लागते का, एरवी आवडणाऱ्या गोष्टी आत्ताही आवडतात का, आपण कुचकामी आहोत असं वाटतं का. दोन आठवडे सलग मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तो धावपळीचा थकवा समजून अंगावर काढू नये, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. नाताळात हे जास्तच जपायला हवं, कारण ‘सगळे आनंदात आहेत, मी कुठं रडगाणं लावू’ या भिडेपायी माणसं दुखणं लपवतात.

या बाईंचं तसं नव्हतं. अंथरुणाला पाठ टेकताच झोप लागायची, फक्त पहाटे चारला जाग यायची आणि डोक्यात कामांची मोजदाद सुरू व्हायची. पण चर्चच्या गायकवृंदाबद्दल विचारलं आणि चेहरा उजळला. "आम्ही चार आवाजांत गातो. मी आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात. आमची ओळ एकटी ऐकली तर कुणाला गाणं ओळखूही यायचं नाही, पण चारही आवाज एकत्र आले ना, की अंगावर काटा येतो." आनंद शाबूत होता.

त्यांना मी एक जुनी यादी सांगितली. 1967 साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या 43 घटना घेतल्या आणि त्या घडल्यावर माणसाला किती जुळवून घ्यावं लागतं याचे गुण ठरवले. जोडीदाराच्या मृत्यूला 100. लग्नाला 50. सुट्टीला 13. आणि नाताळला 12. लग्न, सुट्टी, नाताळ या तर आनंदाच्याच गोष्टी. तरी त्या यादीत आहेत, कारण शरीर आणि मन रोजची घडी मोडल्याचा हिशेब ठेवतात, ती कशासाठी मोडली हे बघत नाहीत. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी खोटी नाही." एवढं बोलून त्यांनी डायरी मिटली.

पुढच्या भागात चूक माझी झाली, ती सांगायलाच हवी.

त्यांचा आठवडा आम्ही कागदावर मांडला. ऑफिसात वर्षअखेरीची कामं. मंगळवारी आणि शुक्रवारी गाण्याचा सराव. येशूजन्माचा गव्हाणीचा देखावा, तारा, दिव्यांच्या माळा, घराची साफसफाई, 23 जणांच्या भेटवस्तू, मुलाचा पोशाख, 20 तारखेला सासूबाई येणार त्याची तयारी. नवरा म्हणत होता, "एवढं करायला कुणी सांगितलंय? कमी कर की." या वाक्यानं त्यांना किती लागलं होतं ते मला दिसत होतं, आणि तरी मी वेगळ्या शब्दांत तेच सांगितलं. सरावाचे आणि येण्याजाण्याचे मिळून आठवड्याला सात तास जात होते. "यंदापुरतं गाणं सोडून बघा," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली.

आठवड्यानं आल्या त्या पार कोमेजलेल्या.

"वेळ मिळाला का?"

"मिळाला. त्या वेळात मी कपाटं आवरली." आणि त्या रडायला लागल्या.

तेव्हा मी विचारलं, सरावाला गेल्यावर नक्की काय होतं? थोडा वेळ विचार करून त्या म्हणाल्या, "तिथं दोन तास मला कुणी काही विचारत नाही. श्वास कधी घ्यायचा, सुरुवात कधी करायची, सगळं सरांच्या हातावर. मी फक्त त्या हाताकडे बघायचं." घरी आणि ऑफिसात त्या इतरांना दिशा देत होत्या. आठवड्यात दोनदाच त्यांची दिशा दुसरं कुणी ठरवत होतं, आणि नेमकं तेच मी काढून घेतलं होतं. त्याच शुक्रवारी त्या पुन्हा सरावाला गेल्या.

तेव्हापासून अशा वेळी कोणतं काम जास्त वेळ खातं हे मी आधी विचारत नाही. मी विचारते, यातलं कोणतं काम दुसऱ्या कुणी केलं तर तुम्हाला वाईट वाटेल? त्यांनी बोटावर मोजलं. गाणं. मग पंख, कारण माप घ्यायला उभा राहिला की मुलगा शाळेतलं सगळं सांगत राहतो. साफसफाई? नाही. भेटवस्तू? त्या थबकल्या. "नाही वाटणार वाईट," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्या उत्तरानं त्यांनाच धक्का बसला. पंधरा वर्षं त्या ते काम ‘आपलं’ म्हणून करत होत्या. गव्हाणीचा देखावा म्हटल्यावर बराच वेळ गप्प बसल्या. "वाईट वाटेल. पण मुलीलाही तो करायचाय, दोन वर्षं मागे लागलीये."

मग मी त्यांना डोक्यातलं एकूण एक काम लिहायला लावलं. 41 भरली. डायरीत होती जेमतेम 14, म्हणजे उरलेली 27 त्या डोक्यात घेऊन हिंडत होत्या. कुठली माळ गेल्या वर्षी अर्धीच लागत होती, सासूबाईंना कोणती उशी लागते, गाण्याच्या प्रती कुणाकडे राहिल्यात. ताण कुठून येतोय ते इथे दिसलं. घरातले हातावर हात ठेवून बसत होते असं अजिबात नव्हतं. सगळे विचारायचे, "सांग, मी काय करू?" विचारणारा मनापासून विचारतो, पण उत्तर शोधायचं काम पुन्हा त्याच डोक्याकडे येतं. पहिल्या भेटीच्या आदल्या दिवशी मुलीवर खेकसण्याआधी संध्याकाळभरात असे किती प्रश्न आले होते, ते आम्ही आठवून मोजले. बाराव्यानंतर त्यांनी मोजणं सोडलं. "बिचारीचा तारा तेरावा आला," त्या म्हणाल्या.

2011 मध्ये ई. जे. मासिकॅम्पो आणि रॉय बाऊमाइस्टर यांनी यावर प्रयोग केले होते. अपुरी राहिलेली कामं मनात लुडबुडत राहतात आणि हातातल्या कामात अडथळा आणतात. पण ते काम कधी आणि कसं करायचं याचा नेमका बेत ठरवला, तर काम झालेलं नसतानाही ही लुडबुड थांबते. म्हणून 41 ओळींपुढे आम्ही दोनच गोष्टी लिहिल्या, कोण आणि कुठल्या दिवशी. ‘झालं’ची खूण करायला रकानाच ठेवला नाही. पहाटे चारची जाग त्या आठवड्यात दोनदाच आली.

वेळेचा अंदाजही तपासावा लागला. भेटवस्तू बांधायला किती वेळ? "दोन संध्याकाळी." आणि गेल्या वर्षी किती लागल्या? त्या हसल्या. गेल्या वर्षी 23 तारखेला रात्री दोनपर्यंत त्या कात्री घेऊन बसल्या होत्या. हा दोष त्यांचा एकटीचा नाही. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल ते विचारलं होतं. सरासरी अंदाज सुमारे 34 दिवसांचा आला. प्रत्यक्षात 55 हून जास्त लागले. गंमत म्हणजे मागच्या वेळी किती लागले होते हे माणसाला माहीत असतं, पण पुढचा अंदाज बांधताना तो ते बाजूला ठेवतो. म्हणून मी अंदाज विचारत नाही, गेल्या वर्षीचा आकडा विचारते.

त्यांची एक तक्रार मात्र अगदी खरी होती. "यंदा दिवसच पुरत नाहीत," असं त्या सारख्या म्हणत होत्या, आणि कॅलेंडर बघितल्यावर मलाही ते पटलं. आगमनकाळ, म्हणजे चर्चमध्ये नाताळच्या तयारीचा काळ, नाताळाआधीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो. त्यातल्या दर रविवारी एक मेणबत्ती लावतात. 2022 मध्ये नाताळ रविवारी होता, त्यामुळे आगमनकाळाचे 28 दिवस मिळाले. 2023 मध्ये तो सोमवारी आला आणि 22 दिवसच उरले. याहून कमी होऊच शकत नाहीत. चौथा रविवार थेट 24 तारखेला. सकाळी चौथी मेणबत्ती लावायची आणि त्याच रात्री नाताळची उपासना. यादी मात्र गेल्या वर्षीचीच होती.

मग मी विचारलं, चर्चच्या हिशेबात नाताळ कधी संपतो? हे त्यांना मी सांगायची गरजच नव्हती. रविवारच्या वर्गात मुलांना त्या स्वतः शिकवत आल्या होत्या. नाताळचे बारा दिवस 25 ला सुरू होतात, आणि पूर्वेचे ज्ञानी बाळ येशूला भेटायला आले त्या प्रकटीकरणाचा सण येतो 6 जानेवारीला. "ज्ञानी भेटी घेऊन उशिराच पोचले की," त्या पुटपुटल्या आणि हात पुढे करून यादी मागितली. 41 पैकी 13 ओळींपुढे त्यांनी स्वतःच्या हातानं 25 नंतरची तारीख घातली. नातेवाइकांकडच्या फेऱ्या, जुन्या मैत्रिणींना पत्रं, दोन घरची आमंत्रणं. फाटलेल्या 25 च्या मागून पुढचं पान दिसतच होतं. आता त्या पानावरही कामं आली.

आगमनकाळाचा तिसरा रविवार हर्षाचा मानतात. गुलाबी मेणबत्ती त्या दिवशी लागते. तो 17 तारखेला होता. त्या संध्याकाळी एकही काम ठेवायचं नाही, हे त्यांनी आपणहून ठरवलं. ते निम्मंच जमलं. दिव्यांची एक माळ गेली आणि त्या अर्धा तास ती उलगडत बसल्या. मला त्यात काही वाईट वाटलं नाही, त्यांनाही नाही.

कामं वाटण्याबद्दल मी एकच अट घातली होती. काम द्यायचं तर त्यातला विचारही द्यायचा. नुसतं ‘हे आणून दे’ म्हटलं तर लक्षात ठेवणं आपल्याकडेच राहतं. भेटवस्तू नवऱ्यानं घेतल्या, म्हणजे यादी, खरेदी, बांधणं, पोचवणं सगळं त्यांचं. आपण नुसतं ‘कमी कर’ म्हणत होतो, असं तेच एका बैठकीला येऊन म्हणाले. देखावा चौदा वर्षांच्या मुलीकडे गेला.

देखाव्याचं सगळ्यात कठीण गेलं. डिसेंबरच्या मध्यावर त्या आल्या तेव्हा तेच सांगत होत्या. मुलीनं तीन संध्याकाळी खपून गोठा उभा केला होता. डोंगर उजवीकडचा डावीकडे गेला होता. आणि एक मेंढी, कान तुटलेली, जी त्या दरवर्षी गव्हाणीला अगदी टेकवून ठेवायच्या, ती गोठ्याबाहेर, पाठ फिरवून उभी. रात्री सगळे झोपल्यावर त्या पाणी प्यायला उठल्या आणि देखाव्यापुढे थांबल्या. "हात पुढे गेला माझा. मेंढीला बोटं लागली. मग म्हटलं, सकाळी तिच्या लक्षात येईल. ती काही बोलणार नाही, पण पुढच्या वर्षी विचारेल, ‘मम्मी, मेंढी कुठं ठेवू?’" त्यांनी हात मागे घेतला. सकाळी त्यांनी मुलीला फक्त विचारलं, मेंढी बाहेर का बघतेय? मुलगी म्हणाली, "ती मेंढपाळांना हाक मारतेय, ते अजून वाटेत आहेत."

हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते आणि मी पाण्याचा पेला पुढे केला.

शेवटची भेट जानेवारीत, सण उलटून गेल्यावर झाली. थकवा होता का? होता. 24 च्या रात्री उपासनेहून आल्यावर त्या बूट न काढताच सोफ्यावर झोपल्या होत्या. पण त्या रात्री आल्टोची ओळ एकदाही चुकली नव्हती, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

"आणि भेटवस्तू?"

"एक राहिली. ह्यांच्या आत्याची. मला 24 ला आठवलं होतं, पण मी बोलले नाही. 27 ला ह्यांच्या लक्षात आलं आणि 28 ला हे स्वतः जाऊन देऊन आले. मी म्हटलं, उशीर झाला नाही का? तर मला म्हणतात, अजून नाताळच चालू आहे की."