परदेशातल्या गिऱ्हाइकाचे पैसे घ्यायचे कसे?

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही सोलापूरला साखर पेठेत राहतो, सासऱ्यांपासून हातमागावर वॉल हँगिंग विणायचं काम आहे, आता मिस्टर आणि दीर विणतात आणि मी मोबाईलवर फोटो टाकते. त्यातनंच जर्मनीच्या एका बाईंनी सहा पीस मागितलेत, मिळून ३९० युरो ठरलेत. आता त्या आयबॅन नंबर मागतायत, तो काय आमच्या पासबुकावर नाही. खातं गल्लीतल्या सहकारी बँकेत आहे, तिथं विचारलं तर कुणाला नीट सांगता येईना. दीर म्हणतात वेस्टर्न युनियननं मागव, पटकन रोख हातात येतात. नणंदेचा मुलगा तिकडंच नोकरीला आहे, तो म्हणतो माझ्या खात्यात घेतो न् पाठवतो. आणि त्या बाई म्हणतायत पार्सलवर गिफ्ट लिहा म्हणजे टॅक्स लागणार नाही. काय करू? पहिलीच ऑर्डर आहे, हातची जाऊ नये असं वाटतं.

उत्तर : ताई, आधी अभिनंदन, मोराचं एक पॅनेल विणायला किती दिवस डोळे घालावे लागतात ते मी पाहिलंय, त्यामुळे त्याचे पैसे पूर्ण आणि स्वच्छ यावेत असं मला मनापासून वाटतं.

आयबॅन म्हणजे युरोपातल्या बँक खात्याचा लांबलचक नंबर, तो आपल्याकडं नसतोच, भारतातल्या कुठल्याच बँकेत नाही. युरोपातल्या माणसाला ते माहीत नसतं म्हणून ते मागत राहतात, तेव्हा त्यांना सरळ लिहा की भारतात खाते नंबर आणि स्विफ्ट कोड चालतो. स्विफ्ट कोड म्हणजे परदेशातनं पैसे येताना बँक ओळखायचा कोड, तो ८ किंवा ११ अक्षरांचा असतो, आपला आयएफएससी वेगळा, तो देऊन बाहेरचे पैसे येत नाहीत. गल्लीतल्या सहकारी बँकेला बऱ्याचदा परकीय चलनाचा परवानाच नसतो, म्हणून शहरातल्या एखाद्या मोठ्या बँकेच्या फॉरेक्स बघणाऱ्या शाखेत धंद्याच्या नावानं करंट खातं काढा आणि स्विफ्ट कोड, शाखेचा पत्ता, खात्यावरचं नाव हे सगळं त्यांच्याकडनं लेखी घ्या. नाव अक्षरन् अक्षर जुळायला पाहिजे. माझ्या पहिल्या ऑर्डरला खात्यावर दुकानाचं नाव होतं न् मी बिलावर माझं स्वतःचं लिहिलं, पैसे मधेच तीन आठवडे अडकले आणि रोज शाखेत चकरा, तेव्हापासून मी बिल करायच्या आधी पासबुक समोर ठेवते.

आता दिरांचं. वेस्टर्न युनियनसारख्या मनी ट्रान्सफरच्या काउंटरवर येणारे पैसे रिझर्व्ह बँकेच्या नियमानं फक्त घरखर्चासाठी नातेवाईकांनी पाठवलेले किंवा पर्यटकांचे असतात, धंद्याचे पैसे त्या वाटेनं घेताच येत नाहीत. रक्कमही एका वेळी २,५०० डॉलर आणि वर्षात ३० वेळा एवढीच. भाच्याच्या खात्याचं पण तेच, मुलगा चांगलाच असेल हो, पण माल गेला एकीच्या नावानं न् पैसे आले तिसऱ्याच्या खात्यातनं, मग उद्या बँकेनं विचारलं हे कशाचे पैसे, तर दाखवायला काय आहे आपल्याकडं? निर्यातीचे पैसे विकत घेणाऱ्याकडनंच यावेत. तीनच गोष्टी एकमेकींशी जुळल्या पाहिजेत : तुमचं बिल, पार्सलचे कागद आणि बँकेत आलेली रक्कम. नव्या माणसाला हे उगीच कटकटीचं वाटतं, पण पुढं सगळं ह्याच्यावरच उभं राहतं.

म्हणूनच गिफ्ट लिहू नका. ते खोटं डिक्लेरेशन होतं, आणि गिफ्ट म्हटल्यावर त्याचे पैसे कुठल्या हिशोबानं घेणार? युरोपात १ जुलै २०२१ पासून बाहेरून आलेल्या मालावर पहिल्या युरोपासनं व्हॅट लागतो, जर्मनीत तो साधारण १९ टक्के आहे, आणि माल १५० युरोच्या वर असला की कस्टम ड्युटीचाही प्रश्न येतो. हे पैसे त्यांना तिकडं भरायचेत हे आत्ताच गोड शब्दांत सांगून टाका, नाहीतर पार्सल दारात आल्यावर त्या घेत नाहीत न् माल परत.

आयईसी, म्हणजे आयात-निर्यात करणाऱ्याला लागणारा नंबर, काढलाय का? डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार खात्याच्या साइटवर पॅन आणि खात्याच्या पुराव्यावर निघतो, फी ५०० रुपये, एजंटाला हजारो देऊ नका. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये माहिती एकदा अपडेट करायची असते, तेवढं विसरू नका. जीएसटी आणि एलयूटीचं (जीएसटी न भरता निर्यात करायचं हमीपत्र) सीएशी बोलून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. पोस्टानं पाठवणार असाल तर पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट, म्हणजे पोस्टानं जाणाऱ्या मालाचा कस्टमचा फॉर्म, ऑनलाइन भरता येतं, त्यात आयईसी नंबर लागतो. हेड पोस्टात डाकघर निर्यात केंद्राची चौकशी करा.

एवढ्या छोट्या ऑर्डरला मी पेपाल, म्हणजे ऑनलाइन पैसे घ्यायची सेवाही चालवून घेईन. भारतात ते १ एप्रिल २०२१ पासून देशातल्या व्यवहारांना बंद आहे, पण बाहेरून पैसे घ्यायला चालू आहे. बिझनेस खातं लागतं, पॅन, बँक खातं आणि पैसे कशाचे आहेत ते सांगणारा पर्पज कोड भरावा लागतो, मालाचे आगाऊ पैसे असतील तर पी०१०३. पैसे तिथं साठवता येत नाहीत, आपोआप बँकेत उतरतात. मात्र फी साडेचार टक्क्यांच्या आसपास, वर युरोचे रुपये करताना भावही कमी देतात, म्हणून सात-आठ टक्के धरूनच किंमत सांगायची, तुमच्या ३९० मधले तीसएक युरो असेच जातील. स्विफ्टनं मागवले तर मधल्या बँका कापतात, तिथं बाईंना सांगायचं की सगळे चार्जेस तुमच्याकडं ठेवा. आणि पेपालवर गिऱ्हाईक १८० दिवसांपर्यंत तक्रार करू शकतं, त्यामुळे ट्रॅकिंग नंबर आणि पॅकिंगचे फोटो तोवर डिलीट करायचे नाहीत. पैसे आले की बँकेकडनं आवक रकमेचा ॲडव्हाइस, म्हणजे परदेशातनं पैसे आल्याचा कागद मागून घ्या, सगळे त्याला एफआयआरसीच म्हणतात. आणि माल आधी पैसे नंतर हे पहिल्या ऑर्डरला करू नका, बाई कितीही चांगल्या वाटल्या तरी.

प्रश्न : माझं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं छोटं युनिट आहे. परदेशी पार्टीनं ठरल्यापेक्षा जास्तीचा चेक पाठवलाय, वरचे पैसे त्यांच्या ट्रान्सपोर्टवाल्याला द्या म्हणतात, आणि पैसे आल्याचा पेपालचा मेलपण आलाय. देऊ का?

उत्तर : दादा, एक रुपया देऊ नका. परदेशी चेक वटायला आठवडे लागतात, खात्यात जमा दिसला तरी नंतर परत फिरू शकतो, तोवर तुमच्या खिशातले पैसे त्या ट्रान्सपोर्टवाल्याकडं गेलेले असतात न् तो ट्रान्सपोर्टवाला म्हणजे तेच लोक. मेलवर विश्वास ठेवायचा नाही, त्यातली लिंकही दाबू नका, स्वतः ॲप उघडून रक्कम दिसते का बघा. चेक बँकेत टाकू नका, पार्टीला लिहा की बिलाएवढीच रक्कम स्विफ्टनं पाठवा. काही पैसे दिले असतील तर आत्ताच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, जितका उशीर तितके पैसे लांब जातात.